लघवी आवरत नाही तेव्हा काय घालावे

कोरेगाव भीमाहून पुण्याला जायचे म्हणजे नगर रस्ता. वाघोलीला गाडी अडकली की बसा तिथेच. ज्याला लघवी आवरत नाही त्याने अशा वेळी काय करावे? पुष्कळ जण एकच करतात. जातच नाहीत. भाचीचे लग्न चुकते, डोळे तपासायचे राहतात. घरच्यांना सांगतात, "पाय दुखतात."

यात लाजण्यासारखे काही नाही. बाळंतपणानंतर बायकांचे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. मग खोकताना, हसताना, भारा उचलताना लघवीचे थेंब गळतात. पुरुषांना प्रॉस्टेटची गाठ वाढल्याने असा त्रास होतो. मधुमेहाने, पक्षाघातानेही होतो. पुष्कळांना औषधाने किंवा स्नायूंच्या व्यायामाने आराम पडतो. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावे. लघवीत रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये.

दुकानात नुसते "डायपर द्या" म्हटले, तर बहुधा चिकटपट्टीचा मोठा डायपर हाती येतो. तो अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी. त्याला कुशीवर वळवून तो बदलता येतो. हिंडत्याफिरत्या माणसाला मात्र तो अडचणीचा होतो.

शेतात खुरपताना थोडेसेच गळत असेल तर पॅड पुरे. ते आपल्याच चड्डीला आतून चिकटवायचे. चड्डी अंगाबरोबर हवी, ढगळ नको. काही बाया पाळीचे पॅड वापरतात. पण लघवी एकदम येते आणि पाळीच्या पॅडच्या कडेने वाहून जाते. लघवीच्या पॅडमध्ये बारीक दाणे असतात. ते पाणी पिऊन जेलीसारखे होतात. पुरुषांसाठी पुढून बसणारे पॅड निराळे मिळते. सणसवाडीच्या कंपनीत उभ्याने काम करणाऱ्यांनाही पॅडच सोयीचे. जेवणाच्या सुट्टीत बदलून टाकावे.

एसटीचा प्रवास असो, की १ जानेवारीला विजयस्तंभाकडे गर्दीतून चालणे असो, तेव्हा चड्डीसारखी ओढून घालायची डायपर पॅन्ट बरी. साडीखाली, पायजम्याखाली ती कळून येत नाही. काढताना दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडाव्यात, म्हणजे पायातून काढावी लागत नाही. एक अंगात, एक पिशवीत, सोबत जुना कागद.

माप मात्र घ्याच. सुतळीने कंबर मोजा, नितंब मोजा. जे जास्त भरेल ते पाकिटावरच्या सेंटीमीटरशी ताडून पाहा. मोठा घेतला म्हणजे जास्त टिपतो, असे नाही. मांडीपाशी फट राहते आणि तिथूनच गळते. पहिल्यांदा लहान पाकीट घ्यावे.

रोज विकत घेणे सगळ्यांना परवडत नाही, हे आम्ही जाणतो. घरी असताना सुती धडप्याची घडी चालते. पण ओली झाली की लगेच बदलावी, धुऊन उन्हात वाळवावी. ओले अंगाशी राहिले की कातडी सोलवटते. काही मंडळी बाहेर जायचे म्हणून पाणीच पीत नाहीत. हे आम्हाला मुळीच पसंत नाही. लघवी दाट होऊन आग होते आणि घाई आणखी वाढते.

वापरलेला डायपर संडासात टाकू नये. तो फुगून वाट तुंबवतो. भीमेच्या पात्रातही टाकू नये. कागदात घट्ट गुंडाळावा, वर खूण करावी आणि घंटागाडीवाल्याच्या हाती वेगळा द्यावा. म्हणजे त्याला तो उघडून पाहावा लागणार नाही.