केक कोरडा का होतो?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. राहुरीच्या घरी ओव्हन नाही. पण म्हटलं, आपण इंजिनिअर होणार, कुकरमध्ये एक केक जमणार नाही? केला. आजीने नवी कवळी सांभाळत एक घास घेतला आणि म्हणाली, "बाळा, हे खायचं की खलबत्त्यात कुटायचं?" सगळे हसले, मीपण हसलो. पण तिने तुकडा हळूच बाजूला ठेवला, ते काही डोक्यातून जाईना.

होस्टेलवर परतल्यावर सबमिशन बाजूला ठेवून याच विषयाच्या मागे लागलो. शेवटी फंडा कळला तो असा : केक मऊ राहायला नुसतं पाणी किंवा दूध वाढवून उपयोग नाही. मिश्रणातलं पाणी धरून ठेवता आलं पाहिजे.

पाणी धरण्याचं पहिलं काम साखरेचं. पावसाळ्यात साखरेच्या डब्यात गठ्ठे होतात ना? कारण साखर ओलावा ओढते. केकमध्येही ती हेच करते. मी मात्र "जास्त गोड नको" म्हणून साखर निम्मी केली होती! 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या जिल्ह्यातला मुलगा साखरेत कंजूषपणा करतो, म्हणजे कमालच.

दुसरं काम तेलाचं. थंडीत लोणी आणि तूप घट्ट होतं, त्यामुळे त्यांचा केक गार झाल्यावर कडक लागतो. तेल पातळच राहतं, म्हणून तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. शिवाय तेल मैद्याच्या कणांभोवती बसतं आणि ग्लुटेन कमी तयार होऊ देतं.

हे ग्लुटेन म्हणजे मैद्यातल्या प्रोटीनची जाळी. मैदा ओला करून जितकं फेटाल तितकी ती चिवट होते. पोळीच्या कणकेला हे चांगलं, केकला वाईट. मी दहा मिनिटं जोर लावून फेटत होतो! खरं तर मैदा घातल्यावर कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा.

तिसरी गोष्ट आच आणि वेळ. केक शिजल्यानंतरचं प्रत्येक जादा मिनिट त्यातलं पाणी वाफ करून उडवतं. तिसाव्या मिनिटापासून सुरी खुपसून बघावी. एक-दोन ओलसर कण चिकटून आले तरी गॅस बंद करावा. सुरी अगदी कोरडी यायची वाट बघू नये.

आता प्रमाण : दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा आणि थोडा व्हॅनिला इसेन्स. दह्याची आंबटी आणि सोडा मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याने केक फुगतो. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून टाका. तळाला मिठाचा थर, वर स्टँड, दहा मिनिटं तापवा आणि मग मंद आचेवर केक ठेवा. कुकरमध्ये पाणी घालू नका.

शेवटची चूक सगळ्यात मजेशीर. उरलेला केक मी फ्रिजमध्ये ठेवला होता, ताजा राहावा म्हणून. पण शिळा केक नुसता सुकल्यामुळे कडक होत नाही. शिजताना सैल झालेले स्टार्चचे रेणू गार झाल्यावर परत ओळीत बसतात, आणि फ्रिजच्या थंडीत हे जास्त वेगाने होतं. सकाळची पोळी फ्रिजमध्ये कशी होते ते आठवा. म्हणून साधा केक पूर्ण गार झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवावा, दोन दिवस आरामात टिकतो. क्रीमचा केक मात्र फ्रिजमध्येच.

जानेवारीत घरी गेलो तेव्हा पुन्हा कुकर चढवला. आजीने एक तुकडा खाल्ला, काही बोलली नाही. मला टेन्शन! मग दुसरा घेतला आणि आईला म्हणाली, "उरलेला डब्यात ठेव गं, सकाळी चहाबरोबर मला लागेल."

परीक्षेत फर्स्ट क्लास आला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.