शंभर कोटी पौंडांची गाणी

एखादं गाणं विकत घेता येतं का? आपण म्हणाल, त्यात काय विचारायचं, कॅसेट आणली, सीडी आणली की झालं. पण कॅसेट घेणारा गाण्याचा मालक होत नाही. घरात बसून ऐकण्याची मुभा तेवढी त्याला मिळते. आज बोलायचं आहे ते खऱ्याखुऱ्या मालकीविषयी. जून २०२४ मध्ये बातमी आली, की ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या गाण्यांचे हक्क सोनी म्युझिक ही कंपनी विकत घेत आहे आणि सौदा आहे सुमारे शंभर कोटी पौंडांचा. त्या वेळच्या दराने साडेदहा हजार कोटी रुपये! हा आकडा वर्तमानपत्रांनी दिलेला, पण एका बँडच्या गाण्यांना इतकी रक्कम मिळाल्याचं त्याआधी ऐकिवात नव्हतं.

क्वीन हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. क्रिकेटच्या मैदानावर दोनदा पाय आपटून एक टाळी वाजवत हजारो लोक ज्या गाण्यावर ताल धरतात, ते ‘वी विल रॉक यू’ याच बँडचं. आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारूख बलसारा. जन्म झांझिबारचा, घराणं पारशी, आडनाव बलसाडवरून आलेलं, आणि शाळा आपल्या पाचगणीची. सेंट पीटर्स शाळेत तो लहानपणी शिकायला आला आणि तिथेच मित्रांबरोबर त्याने पहिला बँड काढला. पुढे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि १९७० मध्ये लंडनमध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्याबरोबर क्वीन उभा राहिला. जॉन डीकन वर्षभराने आला. फ्रेडी १९९१ मध्ये वारला.

आता विकलं काय, ते पाहू. गाण्यात दोन मालमत्ता असतात. पहिली शब्द आणि चाल यांची, ती गीतकार-संगीतकाराची. दुसरी ध्वनिमुद्रणाची, म्हणजे स्टुडिओत जो आवाज टिपला गेला त्याची. ती बहुधा कंपनीची किंवा बँडची. उद्या दुसऱ्या कुणी तेच गाणं नव्याने गाऊन मुद्रित केलं, तर पैसे पहिल्या मालकाकडे जातात, दुसऱ्याकडे नाही. जाहिरातीत मूळ मुद्रण वापरायचं असेल तर दोघांचीही परवानगी लागते.

हा फरक कागदावर कोरडा वाटतो, पण त्यावरून घरं मोडतात. १९७५ साली क्वीनची ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ ही जवळजवळ सहा मिनिटांची रचना छोट्या तबकडीवर आली आणि ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. ती लिहिली होती फ्रेडीने. तबकडीच्या मागच्या बाजूला होतं टेलरचं, मोटारीवरच्या प्रेमाचं एक गाणं. लोकांनी तबकडी घेतली ती पुढच्या बाजूसाठी. पण तबकडीच्या विक्रीवरचं मानधन दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखंच मिळतं! कुणी मागची बाजू एकदाही वाजवली नाही तरी टेलरचे पैसे जमा होतच राहिले. यावरून बँडमध्ये बरीच वर्षं धुसफूस होती. शेवटी १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून त्यांनी ठरवलं, की गाणं कुणीही लिहो, नाव चौघांचं, म्हणजे क्वीनचं लागेल. कवी म्हणून मला हा निर्णय आधी खटकला. आपल्या ओळीखाली दुसऱ्याचं नाव कोण लावून घेईल? पण ज्या बँडमध्ये चौघांनीही गाजलेली गाणी लिहिली, तिथे भांडण मिटवायला याहून सरळ वाट मला तरी दिसत नाही.

किंमत कशी ठरते? मुंबईत एखादी चाळ विकत घेणारा जिन्याचं नक्षीकाम पाहत नाही, वर्षाचं भाडं किती येतं ते विचारतो. गाण्यांचंही तसंच. गेल्या काही वर्षांत गाण्यांनी वर्षाला सरासरी किती मिळवून दिलं ते काढायचं आणि त्याला काही पटींनी गुणायचं. २०२०-२१ च्या सुमारास पंधरा-वीस पट ही सर्रास चालणारी बोली होती. क्वीनच्या कंपनीची २०२२ च्या हिशेबातली वार्षिक उलाढाल सुमारे चार कोटी पौंड होती. म्हणजे शंभर कोटी ही झाली पंचवीस पट, आणि तीही नफ्याच्या नव्हे, उलाढालीच्या. इतकी महाग चाळ कोण घेतं? ज्याला खात्री आहे, की भाडेकरू जाणार नाहीत आणि भाडं वाढतच जाईल. २०१८ मध्ये फ्रेडीच्या आयुष्यावरच्या चित्रपटाने जगभरात नव्वद कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला आणि फ्रेडी गेल्यानंतर जन्मलेली मुलं ही गाणी ऐकू लागली. गाणं किती चांगलं, याची किंमत इथे कुणी करत नाही. गाणं लोकांच्या सवयीत किती मुरलं आहे, याची किंमत होते.

चाळीच्या किमतीवर बँकेचा व्याजदरही परिणाम करतो. व्याज कमी होतं तेव्हा गुंतवणूकदार गाण्यांवर तुटून पडले. बॉब डिलन यांनी २०२० मध्ये आपल्या सहाशेच्या आसपास गीतांचे हक्क विकले, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी २०२१ मध्ये. २०२२ पासून व्याज वाढलं आणि बाजार थंडावला. पिंक फ्लॉइडचा सौदा अंतर्गत भांडणांमुळेही रखडला. २०२४ मध्ये तो झाला तेव्हा आकडा चाळीस कोटी डॉलरच्या आसपास सांगितला गेला, आणि त्यातही विकली ती ध्वनिमुद्रणं, गीतलेखनाचे हक्क नाहीत.

क्वीनच्या सौद्यातही सगळं नव्हतंच. मैफलींचं उत्पन्न मे आणि टेलर यांनी स्वतःकडे ठेवलं. नवा गायक घेऊन ते अजून दौरे करत होते. अमेरिका आणि कॅनडातली ध्वनिमुद्रणं आधीपासूनच डिस्नेच्या हाती होती. अमेरिकेवरून आठवलं: तिथलं नेहमीचं रेडिओ केंद्र गाणं लावतं तेव्हा गीतकार-संगीतकाराला पैसे देतं, गाणाऱ्याला आणि मुद्रणाच्या मालकाला एक छदामही नाही. रेडिओवर बोलताना हे सांगायला जरा संकोच वाटतो, पण कायदा तसा आहे.

क्वीनजवळ विकायला काही उरलं होतं, ही गोष्ट लहान नाही. बीटल्सचं पाहा. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांच्या गीतांचे हक्क ‘नॉर्दर्न साँग्ज’ या कंपनीकडे होते. १९६९ मध्ये त्यांच्या प्रकाशकाने आपला हिस्सा परस्पर दुसऱ्या कंपनीला विकला आणि दोघे बघत राहिले. पुढे १९८५ मध्ये मायकल जॅक्सनने पावणेपाच कोटी डॉलर देऊन ती गाणी असलेली अख्खी कंपनीच घेतली. स्वतःचं गाणं दुसऱ्याच्या मालकीचं झालेलं मॅकार्टनी यांना पाहावं लागलं.

आपल्याकडे चित्रपटगीतकाराने एकदा ठरलेली रक्कम घ्यायची आणि कागदावर सही करायची, ही रीत दीर्घकाळ होती. २०१२ च्या कायदा-दुरुस्तीने ती बदलली. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत बाजू मांडली होती. चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा त्यालाच मिळतो, आणि वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून तो कुणाला देऊनही टाकता येत नाही. म्हणजे क्वीनसारखा सगळ्याचा एकरकमी सौदा आपल्या चित्रपटगीतकाराला करताच येणार नाही. हे लेखकाच्या स्वातंत्र्यावर बंधन आहे, असं काही जण म्हणतात. मला ते बंधन हवंसं वाटतं. घरात आजारपण असताना, मुलीचं लग्न तोंडावर असताना पुढे आलेल्या कागदावर लेखक काय वाचून सही करतो?

विकत घेणाऱ्यालाही मुदत असतेच. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’चं ध्वनिमुद्रण भारतात २०३५ च्या अखेरीस आणि ब्रिटनमध्ये २०४५ च्या अखेरीस मोकळं होईल. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात. आपल्याकडे साठ वर्षं, ब्रिटनमध्ये सत्तर. म्हणजे फ्रेडीने एकट्याने लिहिलेली गाणी इथे २०५१ पर्यंत आणि तिथे २०६१ पर्यंत भाडं देत राहतील. आणि ‘वी विल रॉक यू’ची मोजणी तर अजून सुरूच झालेली नाही. ते लिहिणारे ब्रायन मे हयात आहेत.