विश्लेषण : बर्मिंगहॅमच्या भिंतीवरील ‘हेवी मेटल’चे जनक… टोनी आयोमी यांचे वादन दोन जायबंदी बोटांनी कसे घडवले?

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात न्यू स्ट्रीट रेल्वे स्थानकाजवळच्या नेव्हिगेशन स्ट्रीटवर ‘ब्लॅक सब्बाथ’ या बँडच्या चारही मूळ सदस्यांचे भव्य भित्तिचित्र आहे. त्यातील गिटारवादक टोनी आयोमी यांना हेवी मेटलचे जनक मानले जाते. मात्र त्यांची खरी ओळख चेहऱ्यापेक्षा उजव्या हाताच्या बोटांत आहे.

भित्तिचित्र कधी साकारले?

५ जुलै २०२५ रोजी व्हिला पार्क मैदानावर बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला. त्याआधी जूनमध्ये ‘मिस्टर म्युरल्स’ या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराने ही भिंत रंगवली. २२ जुलैला गायक ऑझी ऑस्बॉर्न यांचे निधन झाले आणि गौरवासाठी काढलेल्या याच चित्रापुढे चाहते फुले ठेवू लागले.

आयोमी यांना काय झाले होते?

आयोमी १७ वर्षांचे असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करत. नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे शेंडे तुटले. आयोमी डावखुरे, त्यामुळे तारा दाबण्याचे काम याच हाताचे. आता गिटार विसरा, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा कारखान्यातील वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजल्याने राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळपास निकामी झाली होती. तरीही ते जॅझमधील थोर गिटारवादक ठरले.

मार्ग कसा काढला?

आयोमी यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या आणि त्यावर चामडे चिकटवले. पण टोपीतून तारेचा स्पर्श कळत नाही आणि ताणलेली तार दाबणेही कठीण. म्हणून त्यांनी बारीक तारा वापरल्या. सुरुवातीला तर बँजोच्या तारा लावल्या.

सूर खाली का उतरला?

तारेची जाडी आणि लांबी तीच ठेवली, तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीन अर्धस्वर खाली उतरल्यास कंपनसंख्या सुमारे १६ टक्के, तर ताण सुमारे २९ टक्के कमी होतो. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ अल्बममधील काही गाण्यांत त्यांनी गिटार इतकी खाली उतरवली. बोटांना आराम मिळाला आणि नादही अधिक जड, गडद झाला. पुढे असंख्य मेटल बँडनी हीच वाट धरली.

चित्रकारांसाठी यात काय?

आयोमी यांचे चित्र काढताना छायाचित्र चुकून उलटे वापरले, तर ते उजवे दिसतील आणि टोप्या भलत्याच हातावर जातील. चेहरा हुबेहूब जमेल, पण १७ वर्षांच्या त्या कामगाराने हार न मानल्याची खूणच हरवेल.