पाउंड दाबा, पण कोणता?

दूरध्वनीवरून ‘आता पाउंडचे बटण दाबा’ अशी ध्वनिमुद्रित सूचना आली, की अमेरिकी ग्राहक निमूटपणे # दाबतो. ब्रिटिश ग्राहक मात्र अडतो. त्याच्या लेखी पाउंड म्हणजे £ हे चलनाचे चिन्ह आणि ते दूरध्वनीवर नसतेच! # ला तो ‘हॅश’ म्हणतो. भारतातही तेच नाव रुळले आहे.

अमेरिकी नावाचे मूळ वजनात आहे. लॅटिन ‘लिब्रा’वरून पौंडासाठी ‘एलबी’ ही अक्षरे लिहून त्यांवर आडवी रेघ मारीत. घाईच्या लेखणीत त्यांचेच # झाले, असे मानले जाते. गंमत म्हणजे, £ हेही त्याच ‘लिब्रा’च्या आद्याक्षराचे रूप.

संगणकाने हा घोळ वाढवलाच. ‘शिफ्ट’ धरून ३ ची कळ दाबल्यास अमेरिकी कळफलकावर # उमटते, ब्रिटिश कळफलकावर £. जुन्या सात-बिटी संकेतप्रणालीच्या ब्रिटिश आवृत्तीत तर # च्याच जागी £ बसवले होते. साहजिकच, ब्रिटनमध्ये £ लावून लिहिलेली किंमत अमेरिकी पडद्यावर # लावून प्रकटू शके.

ट्विटरवरील चर्चेचे विषय # ने दर्शवावेत, असे ख्रिस मेसिना यांनी २००७ मध्ये सुचवले. पुढे ‘हॅशटॅग’ रूढ झाला आणि अमेरिकनांच्या तोंडीही ‘हॅश’ आला. दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित आवाज मात्र तेथे अजूनही अनेकदा ‘पाउंड’च म्हणतो.