दवाखान्याच्या पलीकडचं पुणं

मैत्रिणींनो, तुम्ही कधी नुसतं ‘बघायला’ म्हणून शहरात गेला आहात का? काम नाही, दुखणं नाही, कुणाचं लग्न नाही. फक्त बघायला?

आमच्या पालीतल्या बचत गटाच्या सभेत मी हाच प्रश्न विचारला. “पुणं कुणी कुणी पाहिलंय?” सगळ्यांचे हात वर. “शनिवारवाडा?” हात खाली आले. एक जण म्हणाली, “एकदा रिक्षातनं दिसला हुता. मालकांचं हाड मोडलं हुतं, तवा दवाखान्यात चाललो हुतो.”

माझ्या मनाला ते लागलं. आम्ही राजगडाच्या पायथ्याच्या बाया. गडाच्या एका दरवाजाचं नावच पाली दरवाजा. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं आमचा गड बघायला येतात. आमच्या भागातल्या बाया डोक्यावर पाटी घेऊन गड चढतात, त्यांना ताक-सरबत, पिठलं-भाकरी देतात. दुसऱ्यांच्या सहलीला आम्ही भाकरी पुरवतो, पण आमची सहल? ती मात्र कधी निघालीच नाही!

मग ठरवलंच. भाताची झोडणी उरकली होती, संक्रांत पुढे होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला एक दिवस धरला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मोठा आधार. डबे घरचेच. तरी घराघरांतून प्रश्न आले. “देवळं काय गावात नाहीत?” “म्हशीची धार कोण काढणार?” शेवटी चौदा जणी निघालो. त्यात एक सासू-सुनेची जोडीही होती. सासूबाई सत्तरीच्या.

मार्गासनी, नसरापूर, चेलाडी, कात्रज करत स्वारगेटला उतरलो आणि पहिली गाठली पर्वती. एकशे तीन पायऱ्या. वाटेत शहरातल्या दोघी-तिघी दम खात बसलेल्या. आमच्या सासूबाई त्यांना म्हणाल्या, “बसा बाई, बसा. आमचा गड चढायला या एकदा!” वर देवदेवेश्वराचं दर्शन घेतलं. नानासाहेब पेशव्यांनी हे मंदिर उभारलं, आणि पानिपतानंतर १७६१ मध्ये ते इथेच वारले. याच देवळात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९२९ मध्ये दलितांनी सत्याग्रह केला होता. हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या एकीने पुन्हा एकदा हात जोडले. तिच्या आजीला गावच्या देवळाची पायरी चढता आली नव्हती.

वरून सिंहगड दिसला. “त्याच्या पाठीमागं आपला राजगड!” सगळ्या जणी तिकडे तोंड करून उभ्या. माहेर दिसावं तशा.

तिथून गंज पेठेत, महात्मा फुले वाड्यात. साधंसं घर, अंगणात हौद. जोतीरावांनी १८६८ मध्ये हा घरचा हौद अस्पृश्यांना पाणी भरायला खुला केला. जयंती नुकतीच झाली होती, सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार होते. त्या शाळेत जाताना लोक अंगावर शेणमाती टाकत, म्हणून त्या जास्तीचं लुगडं सोबत नेत, हे आम्ही ऐकलेलं. पण १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं. सासूबाई उंबऱ्याशी वाकल्या. गटाच्या वहीत सही करायला त्या पन्नाशीनंतर शिकल्या. त्याआधी अंगठा. म्हणाल्या, “ह्या बाईनं शेण खाल्लं नसतं, तर माझ्या नातीनं कालेज बघितलं नसतं.” त्यानंतर आम्ही कुणी बोललोच नाही.

पुढे राजा केळकर संग्रहालय. मला वाटलं होतं, इथे बाया कंटाळतील. झालं उलटंच! डॉ. दिनकर केळकर हे कवी, ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी या माणसाने आयुष्यभर गावोगाव हिंडून जुन्या वस्तू जमवल्या. पत्नी कमलाबाईंची साथ होती. वीस हजारांहून जास्त वस्तूंचा हा संसार त्यांनी पुढे सरकारला देऊन टाकला. आणि वस्तू तरी कसल्या? तलवारी आहेतच, पण अडकित्ते, समया, कुंकवाचे करंडे, टाचा घासायच्या वज्र्या... सगळं बायकांच्या हातातलं! साध्या अडकित्त्यालाही किती नक्षी! काचेला नाक लावून बाया बघत होत्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. “आवं ताई, ही वज्री तर आमच्या माळ्यावर पडलीया! सासूबाईंच्या सासूची. दिवाळीत भंगारवाल्याला द्यायला काढली हुती म्या.” सासूबाईंनी सुनेकडे असं बघितलं की आम्हाला हसू आवरेना. पण दुसरी हळूच म्हणाली, “मी तर देऊन बसले. पितळेची समई दिली आन् प्लास्टिकचा टब घेतला.” मग हसू थांबलं. मैत्रिणींनो, आपल्या घरातल्या बायकांच्या हाताच्या वस्तू आपणच मोडीत काढतो. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, आपलं त्यात काय, असंच आपल्याला वाटत आलं ना? तिथे मात्र आमच्या आज्या-पणज्यांचा संसार काचेमागे मानाने मांडला होता.

डबे खाऊन तुळशीबागेत शिरलो. बांगड्या, टिकल्या, डबे-पळ्या... पाय निघेना! पण या बाजाराच्या मध्ये नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी पेशवाईत बांधलेलं रामाचं सुंदर मंदिर आहे, हे किती जणींना माहीत असतं? आत गेलं की बाहेरचा गलका थांबतो. पाच मिनिटं टेकलो, बरं वाटलं.

पुढे दगडूशेठ गणपती. ऋषिपंचमीला पहाटे इथे हजारो बायका एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात. गर्दीत सगळ्यांच्या नजरा गणपतीकडे. मी मात्र बायांना वळवून समोरची जागा दाखवली. इथे होता भिडे वाडा. १८४८ मध्ये फुले दांपत्याची मुलींची पहिली शाळा इथे भरली. पडायला आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये उतरवला. त्या जागी राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं आहे. बाप्पाला केलेला नमस्कार आम्ही त्या जागेलाही केला.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. दुपारी आमच्यातल्या दोघी-तिघी अवघडल्या. एका ठिकाणी स्वच्छतागृहाला कुलूप, दुसरीकडे आत पाऊल टाकवेना. मग कळलं की बाया सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या! प्रवासाला निघायचं म्हणजे पाणी प्यायचं नाही, हे आपल्याला आईनेच शिकवलेलं असतं. कडक उन्हात, वयाच्या साठीत! ऐतिहासिक स्थळांच्या पाट्या जेवढ्या ठळक असतात, तेवढीच ठळक पाटी याचीही का नसावी?

तांबडी जोगेश्वरी ही पुण्याची ग्रामदेवता. तिची ओटी भरून लाल महालात गेलो. आजची इमारत महापालिकेने बांधलेली, १९८८ मध्ये खुली झालेली. पण जागा आपल्या जिजाऊंची. उजाड झालेल्या पुण्यात त्यांनी बाळ शिवबाच्या हातून सोन्याचा नांगर फिरवला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. कसब्याच्या गणपतीचं मंदिरही त्यांनीच बांधवलं. आणि इथेच एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी रात्री शिरून शाहिस्तेखानाची बोटं छाटली. मी म्हटलं, “तेव्हा स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालायचा.” एक जण चमकली. “म्हंजी म्हाराज आपल्याकडनंच हितं आले हुते?” मग काय, सगळ्यांच्या माना ताठ! सईबाई राणीसाहेब १६५९ मध्ये राजगडावरच गेल्या, त्यांची समाधी आम्ही येता-जाता बघतो. तिच्याकडे त्या दिवसानंतर आमचं बघणं बदललं.

शेवटी शनिवारवाडा. १७३२ मध्ये बाजीरावांनी वास्तुशांत केली. १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं, उरला तो तट, दिल्ली दरवाजा आणि चौथरे. नारायणरावाच्या खुनाची गोष्ट निघालीच. लगेच दोघी म्हणाल्या, “आनंदीबाईनं ‘ध’चा ‘मा’ केला!” मी विचारलं, रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी कुणाला धरलं? राघोबादादांना. भांडण गादीचं, हात गारद्यांचे, आणि अडीचशे वर्षं लोकांच्या तोंडात नाव मात्र बाईचं! सून पटकन म्हणाली, “आमच्याकडं बी तसंच. भाऊ-भाऊ येगळे झाले, नाव माझं.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतला लाडू काढून सुनेच्या हातावर ठेवला. माझ्या दृष्टीने सबंध दिवसातलं सगळ्यात मोठं दर्शन ते होतं.

तिथेच सुनेचा फोन वाजला. घरून तिसऱ्यांदा. “धारेची येळ झाली, कुठवर आलाय?” फोन सासूबाईंनी घेतला. “धार मी रोज काढते, आज तू काढ. आमी अजून बघतोय!”

कसबा पेठेतून भुयारी मेट्रोने स्वारगेटला आलो. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला घाबरत होतो, एकमेकींचे हात धरले. राजगड चढणाऱ्या बाया जिन्याला घाबरल्या, म्हणून स्वतःलाच हसलो!

परतीच्या एसटीत निम्म्या झोपल्या. सून शेजारी येऊन म्हणाली, “ताई, वज्री माळ्यावरनं काढून घासून ठेवते.”

मैत्रिणींनो, पुण्यालाच जायला हवं असं नाही. तुमच्या जवळही असेल एखादं जुनं शहर, वाडा, घाट, देऊळ. तिथे तुम्ही बाजाराला जाता, दवाखान्यात जाता. एक दिवस नुसत्या बघायला जा. चार जणी जमवा, डबा बांधा. पाणी मात्र भरपूर प्या. आणि म्हशीची धार? ती काढायला घरात आणखीही हात असतात!