रिकामा डबा घरात घेण्यापूर्वी

आगमनकाळ लागला की आपल्या पांढुर्णा-सौसर भागात घरोघरी शिवणकामाचे गाठोडे बाहेर निघते. दिवसा वेचणी आणि संत्र्याची तोड असतेच. रात्री जेवणे आटोपल्यावर मग गव्हाणीतल्या बाहुल्यांचे कपडे, वेदीवरच्या वस्त्राची झालर, तुटलेल्या जपमाळा आणि अर्धवट राहिलेली गोधडी हातात घेतली जाते. आणि नेमकी तेव्हाच सुई सापडत नाही. हुक एका पुडीत, बटणे दुसऱ्या पुडीत, रिळांचे दोरे एकमेकांत गुंतलेले. अर्धा वेळ शोधण्यातच जातो.

यासाठी बाजारातून खणांचा प्लास्टिकचा डबा आणण्याची गरज नाही. पाच हजारांच्या जेवणानंतर उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या, हे आपण सर्व जाणतो. आपल्या घरातही रोज काही ना काही उरतेच. काड्यापेटीचेच पाहा. आठ रिकाम्या पेट्या चार-चारच्या दोन थरांत गव्हाच्या खळीने चिकटवाव्या, भोवती जुन्या लुगड्याची पट्टी लावावी आणि प्रत्येक खणाला पुढून एक मणी टाकून घ्यावा. मणी ओढला की खण बाहेर येतो. हुक, टिचबटणे, मशीनच्या सुया, जपमाळेचे सुटे मणी यांना इतकी जागा पुरते. खळीत मोरचूद घातला तर कसर लागत नाही, ही जुनी रीत खरी आहे. पण लहान मुले हाती येईल ते चाटतात, म्हणून मुले असलेल्या घरात ती नको. त्याऐवजी खळ चांगली उन्हात वाळू द्यावी.

लोकरीसाठी बरणी उत्तम. झाकणाला मधोमध भोक पाडून त्यातून धागा बाहेर काढावा, म्हणजे गुंडा जमिनीवर लोळत नाही आणि मांजराच्या तावडीतही सापडत नाही. भोकाची कड मात्र घासून गुळगुळीत करावी, नाहीतर धागा तुटतो. विणायच्या लांब सुयांना अगरबत्तीचे नळकांडे, कात्रीला टूथपेस्टचे खोके चालते. संत्र्याची लाकडी पेटी घरात असेल तर ती आडवी उभी केली की फडताळच झाले. बाहेर आलेले खिळे ठोकून घ्यावे, फळ्यांच्या चुया पॉलिश पेपरने घासाव्या, आणि आत रांगेने लहान खिळे मारून त्यांवर रिळे अडकवावी. पेटी विटांवर ठेवावी. जमिनीला टेकली की पावसाळ्यात वाळवी आलीच म्हणून समजा.

सुयांचे वैरी म्हणजे ओल. बिस्किटाचा किंवा चहाचा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा धुऊन, दिवसभर उन्हात तापवून घ्यावा. आत फलालीनच्या तुकड्यात सुया टोचून ठेवाव्या. नव्या बुटांच्या खोक्यात पांढऱ्या दाण्यांची लहान पुडी येते, ती ओल शोषून घेते; ती फेकू नये, या डब्यात टाकावी. अर्थात मुलांच्या हाती पडू देऊ नये. वेदीवरच्या मेणबत्तीचा उरलेला तुकडाही याच डब्यात असावा. त्यावरून दोरा ओढून घेतला तर तो गुंतत नाही.

हे झाले सोपे काम. आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते.

झाकण घट्ट आहे आणि आकार सोयीचा आहे, एवढ्यावर डबा चांगला ठरत नाही. त्यात आधी काय होते, हे पहिले पाहावे. आपल्या शेतघरांत सर्वांत मजबूत डबे असतात ते फवारणीच्या औषधाचे. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची फिरकीच्या झाकणाची नळी सुयांसाठी जणू मुद्दाम केलेली दिसते. ती घरात घेऊ नये. त्या गोळ्यांची भुकटी ओल लागली की विषारी वायू सोडते आणि त्या विषावर उतारा नाही. कपाशीच्या बियाण्याची चकचकीत पिशवीही तशीच. बियाण्याला औषध चोळलेले असते, त्याची पूड आतल्या बाजूला राहते. तिच्यात मणी ठेवायचे आणि ती जपमाळ मग मुलाच्या हाती द्यायची, हे बरे नव्हे.

धुतल्याने भागत नाही. प्लास्टिक औषध पिऊन घेते, पत्र्याच्या सांध्यात ते दडून बसते. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले, आणि ते तेल पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात ठेवले गेले असावे, असे तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले. मोनोक्रोटोफॉस म्हणजे आपल्याही कपाशीवर वर्षानुवर्षे मारले गेलेले औषध.

औषधाच्या डब्यावर चौकोनी खूण असते आणि तिचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. काहींना हिरवा म्हणजे निर्धोक वाटतो. तसे नाही, हिरवाही विषच, फक्त सौम्य. चारांपैकी कोणत्याही रंगाचा डबा घरकामाला नाही. तो तीनदा विसळावा, विसळलेले पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, मग डब्याला भोके पाडून, ठेचून वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर पुरावा. रिकामे डबे कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून ते फोडून वस्तीपासून दूर पुरावे, असे 1971 च्या कीटकनाशक नियमांतही सांगितले आहे. भंगारवाल्याला दिलेला डबा फिरून कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो. जाळूही नये, धूर छातीत जातो.

याची उलट बाजू अधिक घातक. थंड पेयाच्या बाटलीत रॉकेल, बिस्किटाच्या डब्यात उंदराचे औषध, असे कोणी ठेवू नये. मुलाला बाटलीची ओळख असते, आतल्या वस्तूची नसते. डांबराच्या गोळ्याही लोकरीत मोकळ्या टाकू नयेत, त्या खाऊच्या गोळ्यांसारख्या दिसतात; कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरे. तरीही काही पोटात गेलेच तर बळेच उलटी काढू नये, विशेषतः रॉकेलची. ज्यातून घेतले तो डबा किंवा बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. डॉक्टरांना नाव कळले की उपचार लवकर सुरू होतो.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरालाच सांगण्यासारखी. पडवीत शिवायला बसतो, गोठा शेजारीच असतो. चिंध्या आणि दोऱ्यांबरोबर झाडून काढलेली सुई कडब्यात जाते. गाय चारा निवडून खात नाही, जिभेने ओढून न चावताच गिळते. सुई पोटाच्या दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात जाऊन बसते. त्या कप्प्याच्या पुढे पातळ पडदा आणि पडद्याच्या पलीकडे लगेच हृदय. टोक एकदा टोचू लागले की चांगली दुभती गाय हातची जाते. म्हणून शिवण संपल्यावर सुया मोजूनच डबा बंद करावा. बिघडलेल्या रेडिओच्या भोंग्यातले लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरवले की पडलेली सुई-टाचणी वर येते. ते चुंबकही डब्यातच ठेवावे.

गायीने एकाएकी चारा सोडला, दूध आटले, पाठ कमानीसारखी करून कोपरे बाहेर काढून उभी राहू लागली, उतारावर चालायला कुंथू लागली, तर अपचन समजून काढे पाजत बसू नये. गुरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावे, आणि घरात सुई हरवली असेल तर ते त्यांना आधी सांगावे.