संमोहन कोणाच्या हाती?

येत्या २० ऑगस्टला पुण्याच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर पुन्हा माणसं जमतील. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या तिथेच झालेल्या खुनानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि २०१३ सरण्याआधी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळदंडाने बांधणं, चाबकाने मारणं त्याच्या अनुसूचीत आहे. आरामखुर्चीत बसवून, डोळे मिटायला लावून संमोहनाने पूर्वजन्म ‘दाखवणारा’ मात्र त्यात नावानिशी आलेला नाही. म्हणून संमोहनच थोतांड ठरवायचं का? मुळीच नाही. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये आयबीएस या आतड्यांच्या चिवट दुखण्याच्या ३० रुग्णांवर अभ्यास केला. या पद्धतीत रुग्ण पोटावर तळवा ठेवतो, तिथे ऊब पसरते आहे असं त्याला सांगितलं जातं, मग आतड्यांची हालचाल संथ नदीसारखी मनात आणायची. संमोहन मिळालेले रुग्ण इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारले. वर्षभर औषधांनी गुण आला नाही, तर ब्रिटनची अधिकृत मार्गदर्शिका आज या उपचाराचा विचार करायला सांगते. हे नुसते मनाचे खेळ, असं म्हणणाऱ्यांनी १९९७ चा कॅनडातला प्रयोग पाहावा. सोसवत नाही इतक्या गरम पाण्यात हात आणि संमोहनात सूचना एवढीच, की त्रास कमी वाटेल किंवा वाढेल. त्यानुसार मेंदूत वेदनेच्या त्रासाशी निगडित भागाचं कामही बदललेलं दिसलं.

पण सूचनेला इतकं बळ असेल, तर ती चुकीच्या हातीही तितकंच काम करणार. ‘पूर्वजन्म खोटा असेना, माणसाला बरं वाटतं ना?’ हा युक्तिवाद मला घातक वाटतो. स्मृतीच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस यांनी २४ जणांना लहानपणी बाजारात हरवल्याची बनावट हकिगत दिली. संमोहन न करताही सुमारे चौथ्या हिश्श्याला ती थोडीफार ‘आठवली’. मग डोळे मिटून, समोरच्यावर पूर्ण भरवसा टाकून बसलेल्याचं काय होईल? आज गेल्या जन्मातला मारेकरी सापडेल, उद्या याच जन्मातल्या काकांवर नसलेला आरोप येईल, आणि खऱ्या नैराश्यावरची औषधं लांबतील ती वेगळीच. जाणकार मंडळी एक नियम पाळतात: जो आजार आपल्याला संमोहनाशिवाय हाताळता येत नाही, तो संमोहन देऊनही हाताळायचा नाही. तेव्हा पाटीवर ‘हिप्नोथेरपिस्ट’ दिसलं, की त्याखाली मनोविकारतज्ज्ञाची पदवी किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारावं. पूर्वजन्माचा विषय निघाला, तर तिथूनच उठावं.